त्या देशाचं यंदा काही खरं नाही

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प: रोज लिहायचं. पहाटे मालटेकडीला चक्कर. चहा दोनच. भावना वहीत आणायच्या नाहीत. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे, फक्त निरीक्षणं नोंदवायची.

निरीक्षण पहिलं. श्रीखंडाची वाटी संपायच्या आत अपेक्षाने मोबाइल माझ्यापुढे धरला. तिला नोकरी लागली. युरोपातल्या एका टिकलीएवढ्या देशात, तिथल्या सांख्यिकी कार्यालयात, दोन वर्षांसाठी. जूनपासून हजर व्हायचं. मुलगी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली की अमरावतीतच कुठेतरी चिकटेल असा माझा अंदाज होता. तो अजूनही कायम आहे.

पौर्णिमा आधी रडली, मग हसली, मग बाळापूरला माहेरी फोन लावला. मी यातलं काहीच केलं नाही. शांतपणे सांगितलं की जगभर मंदी आहे, अशा वेळी लहान देश आधी बसतात, आणि देश बसला की नव्या लोकांना आधी घरी पाठवतात. अपेक्षा म्हणाली, मग दाखवा ना बाबा. जानेवारी ते मार्चचा त्यांच्या विकासदराचा आकडा जूनमध्ये जाहीर होतो. तो उणे येणार हे तुम्ही हिशोबाने पटवलं तर मी जात नाही.

मान्य केलं. एकुलती एक मुलगी आहे म्हणून नाही, विषय माझा आहे म्हणून. पंधरा दिवसांचं काम.

टीप: त्या देशाचं नाव या वहीत लिहायचं नाही. उगाच महत्त्व वाढतं.

२२ मार्च, रविवार

मालटेकडी नाही. गुडघा.

देशाचे सगळे आकडे उतरवले. लोकसंख्या आपल्या अकोला जिल्ह्यापेक्षा कमी! एकटाच हसलो. अकोला जिल्ह्याचा अंदाज ज्याला बांधता येतो त्याच्यासाठी हा देश म्हणजे घरचं अंगण.

दुपारी कूलर लावून एक्सेल उघडलं. निर्यात, व्याजदर, लाकूड, सॉफ्टवेअर, सगळं घातलं. पहिला रन: अधिक ०.३.

सूत्रात काहीतरी चूक आहे. उद्या पुन्हा बघतो.

२३ मार्च, सोमवार

चूक सापडली. मॉडेल फार पाश्चात्त्य होतं. वऱ्हाडाचा अनुभव त्यात शून्य.

आता अकोला जिल्हा नमुना धरला. मंदी आली की अकोल्यात पहिल्यांदा काय होतं? लग्नाच्या पंगतीतला दुसरा गोड पदार्थ जातो. बुंदी राहते, जिलेबी जाते. मी तीस वर्षं दोन्हीकडच्या नातेवाइकांत जेवतो आहे, हे निरीक्षण पक्कं आहे. कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. नाव दिलं, जिलेबी निर्देशांक. यावर पेपर होऊ शकतो. कदाचित पुस्तकही.

नवा रन: उणे ४.१. आता बरं वाटलं.

फक्त तिकडचा गोडाचा आकडा हवा. त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीला मेल टाकला की आपल्या देशात विवाहप्रसंगी सरासरी किती मिष्टान्नं वाढतात आणि यंदा त्यात घट आहे काय. ओळखीसाठी खाली अपेक्षाचं नाव आणि नंबर दिला.

२७ मार्च, शुक्रवार

स्टाफरूममध्ये वली सरांना मॉडेल दाखवलं. भूगोलाचे आहेत, पण बरे आहेत. शांतपणे पाहिलं. म्हणाले, नगमा बंगलोरला निघाली तेव्हा मीही असाच बसलो होतो. सहा महिन्यांत बंगलोरचं पाणी संपते, असा नकाशासकट अभ्यास केला होता. घरच्या सगळ्यायले दाखवला.

विचारलं, मग संपलं का पाणी?

म्हणाले, पानी भी है, बेटी भी वहीं है.

वली सरांचा अभ्यास कच्चा असणार. नकाशावरून अंदाज बांधता येत नसतो.

चहा: चार. दोन वली सरांनी आग्रहाने पाजले, ते धरत नाही.

३१ मार्च, मंगळवार

ऊन भाजून काढतं आहे आणि पौर्णिमा राजकमल चौकातून दोन जाड स्वेटर आणि एक कानटोपी घेऊन आली. दुकानदाराला माळ्यावर चढावं लागलं, म्हणे. मी म्हणालो, अंदाज अजून यायचा आहे, खरेदी कशाला? म्हणाली, थंडी काय अमरावतीत पडतच नाई का?

गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. पापड, कुरडया, सांडगे. दरवर्षीपेक्षा दुप्पट. कारण विचारलं तर वाळवण आहे एवढंच उत्तर. निष्कर्ष: सामान्य ग्राहक घाबरून घरात अन्नसाठा करू लागला आहे. मंदीची भीती थेट आमच्या साईनगरपर्यंत पोहोचली. माझ्या मॉडेलला घरातूनच दुजोरा मिळाला.

सुधारित अंदाज: उणे ५.

४ एप्रिल, शनिवार

वकिलातीचं उत्तर आलं. मिष्टान्नांचा आकडा नाही. त्याऐवजी 'आमच्या निसर्गरम्य देशात आपला विवाह करा' असं रंगीत पत्रक, किल्ले, तळी, घोडागाडी, आणि वधू म्हणून अपेक्षाचं हार्दिक अभिनंदन. ते तिलाच गेलं. तिने आईला दाखवलं. आईला वाटलं तिकडे मुलगा आहे. बाळापूरला फोन. तिथून अकोल्याच्या मावशीला फोन. संध्याकाळपर्यंत मला तीन जणांनी विचारलं की जावई काय करतो आणि भाकर खातो का.

सगळ्यांना समजावता समजावता घसा बसला. संशोधकाचं जीवन सोपं नाही.

८ एप्रिल, बुधवार

अपेक्षाने मॉडेल तपासायला घेतलं. मी निवांत होतो. मधल्या काळात तिकडच्या कडाक्याच्या थंडीचा परिणाम मी त्यात घातला होता. उणे तापमानात माणूस काम काय करणार?

तिने पाच मिनिटांत सांगितलं की तापमान उणे, त्याचा परिणामही मी उणे लिहिलेला, आणि दोन्हींचा गुणाकार केलेला. म्हणजे तिकडे जितकी थंडी वाढेल तितका देश श्रीमंत होतो. ती नीट मांडून दाखवत होती आणि मी तिच्या बोटांकडे पाहत होतो. बेरीज मी तिला याच टेबलावर शिकवली. तुरीच्या दाण्यांनी.

तिने थंडी आणि जिलेबी दोन्ही बाजूला ठेवून पाहिलं, तर आकडा पुन्हा अधिक ०.३ च्या आसपास घुटमळू लागला. तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. गरम झाला होता.

ती म्हणाली, बाबा, जिलेबी काढून टाका हो, बाकी मॉडेल चांगलं आहे. मी म्हणालो, जिलेबी राहणार.

१२ एप्रिल, रविवार

पौर्णिमाच्या हट्टाने कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. नदीकाठी बरं वाटलं, थोडा वारा होता. पौर्णिमा म्हणाली, इथून द्वारका काय जवळ होती? तरी गेलीच ना. आपल्याच जिल्ह्यातून गेली.

मी म्हणालो, भीष्मक राजाकडे मॉडेल नव्हतं.

म्हणाली, त्याले कोणी विचारलं व्हतं?

सुधारित अंदाज: उणे ६.४. कारणमीमांसा नंतर लिहितो.

१५ एप्रिल, बुधवार

नवीनच भानगड. अपेक्षा म्हणते, आई मनापासून हो म्हणाली तरच जाईन. आणि आई म्हणते, आबांचा घट काय म्हणते ते पाहू, मंग सांगते.

आबा म्हणजे माझे सासरे खुशालराव. बाळापूरला काळी जमीन, पंचाहत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत. भेंडवळची घटमांडणी सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. त्याच धर्तीवर आबा अक्षय तृतीयेला आपल्या वावरात घरापुरता घट मांडतात. संध्याकाळी गोल आखून कडेने धान्यं ठेवायची, मधे घागर, घागरीवर खायचे पदार्थ. पहाटे कुठला दाणा हलला, काय जागेवर राहिलं ते पाहून वर्षाचं भविष्य. पाऊस, कपाशी, गुरं, देशाची गादी, सगळं.

एका देशाचं सकल उत्पन्न मातीच्या घागरीवरून! एकविसाव्या शतकात! मी अर्धा तास बोललो. अपेक्षा हसत म्हणाली, दोन मॉडेल्सची तुलना होईल बाबा, चांगलंच आहे.

होऊ दे. विज्ञानाला कशाचीच भीती नाही.

१८ एप्रिल, शनिवार. बाळापूर

अकोल्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. अंगाची लाही. आबांनी दारातच विचारलं, काय जावईबापू, तुमच्या कंप्युटरनं देश बुडवला म्हन्ते? मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

नातीला जवळ बसवून त्यांनी तिकडचं सगळं विचारलं. जमीन काळी आहे का, पाऊस किती, गायी आहेत का. गायी भरपूर आहेत म्हटल्यावर म्हणाले, मंग लोक चांगले असतीन. हा यांचा डेटा.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया

संध्याकाळी वावरात घट मांडला. आबांनी एकेक वस्तू ठेवताना समजावून सांगितली. पानसुपारी म्हणजे गादी. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. करंजी राहिली तर तिजोरी भरलेली, नाही राहिली तर संपलं. पुढे पापड, कुरडई वगैरे होतं, तिकडे माझं लक्ष नव्हतं. मी करंजीकडे पाहत होतो. म्हणजे सगळा निकाल एका करंजीवर! निरीक्षणांची संख्या एक!

करंजी आशाबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या हातची. वरून खसखस लावलेली. आकार चांगला.

घट मांडल्यावर सकाळपर्यंत वावरात कोणी जायचं नाही असा नियम. ही पद्धत अवैज्ञानिक आहे. मधल्या काळात नमुन्याचं काय होतं हे कोणी तपासतच नाही.

२० एप्रिल, सोमवार. पहाट

नमुना तपासला.

घटनाक्रम स्पष्ट असावा म्हणून लिहितो. झोप येत नव्हती म्हणून मालटेकडीचा संकल्प आठवला. मालटेकडी इथे नाही, म्हणून वावराकडे चक्कर. घागरीवर करंजी अखंड होती. मुंग्या लागायच्या बेतात होत्या, म्हणजे ती तशीही गेलीच असती. मी फक्त होणाऱ्या गोष्टीला गती दिली. अर्थशास्त्रात याला हस्तक्षेप म्हणतात आणि मंदीत सगळी सरकारं तो करतात.

सारणात वेलची जास्त होती. एरवी छान.

त्याच दिवशी, सकाळी

सगळे वावरात. आबा घटाभोवती फिरले. ज्वारी जागेवर. कपाशीचे दाणे थोडे बाहेर. मग घागरीवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा घागरीकडे.

म्हणाले, करंजी नाई.

मी उसासा टाकला. मनापासून वाईट वाटल्यासारखा. म्हणालो, म्हणजे तो देश संपला. अपेक्षा, बेटा, दोन्ही मॉडेल्स एकच सांगतात.

आबा म्हणाले, तो देश कावून संपंल? करंजी म्हंजे आपल्या देशाची तिजोरी. आपल्या मातीत घट मांडला, तिजोरी दुसऱ्याची कशी ठिवणार?

मला घाम फुटला. ऊन चढलं होतं.

मग त्यांनी कुरडईकडे बोट केलं. तो देश हा पाहा, म्हणाले. जसाच्या तसा. एक तार हालली नाई. यंदा आपल्याइकडं तिजोरी खाली, तिकडं आबादीआबाद. जाऊ द्या पोरीले.

पौर्णिमा तिथेच, ढेकळांत उभी राहून, हो म्हणाली. मनापासून. मग दोघी मायलेकी गळ्यात पडल्या. आशाबाईंनी डोळे पुसले.

एका करंजीत मी भारताची तिजोरी रिकामी केली.

२४ एप्रिल, शुक्रवार. अमरावती

शांतपणे विचार केला. घट अवैज्ञानिक आहे हे मी आधीच म्हणत होतो. त्यामुळे त्याचा निकाल माझ्यावर बंधनकारक नाही. माझा अंदाज उणे ६.४ जाहीर आहे आणि कायम आहे. अपेक्षाला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा, आणि बॅगेचं वजन करू लागली.

कूलरचा पंप बिघडला. या घरात कशाचंच काही खरं नाही.

३० मे, शनिवार

नागपूर विमानतळ. कुरडया, पापड, स्वेटर, कानटोपी, मेतकूट, सगळं बॅगेत बसलं. ते वाळवण कोणासाठी होतं हे मला बॅग भरताना कळलं. गच्ची दोन महिने डोळ्यांसमोर होती.

आत जाण्यापूर्वी अपेक्षाने वाकून नमस्कार केला. मी तिला सांगायचं म्हणून बरंच ठरवलं होतं. तिकडची बेरोजगारी, चलनाचा दर, नोकरी गेली तर काय. प्रत्यक्षात म्हणालो, कानटोपी घालत जा.

काचेच्या पलीकडे ती दिसेनाशी झाली तरी पौर्णिमा हात हलवत होती. मी तिला थांबवलं नाही. परतताना अमरावतीजवळच्या नांदगाव पेठपर्यंत गाडीत मीच बोलत होतो, कशावर ते आठवत नाही. भावना वहीत आणायच्या नाहीत.

१४ जून, रविवार

आबा आंबे घेऊन आले. पौर्णिमा स्वयंपाकघरात होती तेव्हा म्हणाले, जावईबापू, त्या दिवशी तुमच्या मिशीले खसखस लागली व्हती.

मी म्हणालो, कोणत्या दिवशी?

म्हणाले, राहू द्या. माणसाचा हात लागला का घट वाचत नसतेत. मोडला तो. पन म्या तरी बी वाचून दाखवला.

मी विचारलं, मग कुरडई?

म्हणाले, कुरडई म्हंजे ढोरायचा चारा. यंदा चारा लय हाय.

म्हणजे त्या देशाचं भविष्य म्हणून आम्ही सगळ्यांनी बाळापूरच्या गुरांचा चारा ऐकला, आणि त्यावर माझी मुलगी विमानात बसली. मी चिडलो. स्पष्ट म्हणालो की ही शुद्ध फसवणूक आहे, आकडे असे सोयीने फिरवायचे नसतात. आबा आंबा दाबून मऊ करत होते. म्हणाले, आकडे तं दोघायनंबी फिरवले. तुमी तिले ठिवासाठी, म्या तिले धाडासाठी. पौर्णिमाच्या लग्नाच्या वक्ती मी बी कोनाचं आयकत नव्हतो, अमरावतीले देऊन राहिलो तं वाटे पोरगी समुद्रापार चालली.

आंबा गोड होता. मी खाल्ला नाही. नंतर अर्धा खाल्ला.

२१ जून, रविवार

अपेक्षाचा व्हिडिओ कॉल. डोक्याला कानटोपी नाही. तिकडे उन्हाळा आहे म्हणे, रात्री दहालाही उजेड असतो. मागे खिडकी, खिडकीत हिरवं झाड, टेबलावर आमच्या घरातला डबा. तिने कुरडया तळल्या तेव्हा ऑफिसातले लोक जमा झाले आणि माझ्या मेलची गोष्ट तिच्याकडून ऐकलेल्या एकाने विचारलं की हे कुठल्या लग्नातलं मिष्टान्न आहे. पौर्णिमा हसून हसून खाली बसली.

मग म्हणाली, बाबा, आकडा आला. आम्हीच काढला. आमच्या टीमने, मीही होते. सांगू?

मी म्हणालो, सांग.

अधिक ०.३.

ती म्हणाली, तुमचा किती होता हो शेवटी? उणे सहा ना? आणि हसली. लहानपणी दाणे मोजताना एखादा गुपचूप गिळायची आणि वर हसायची, तसं.

मी म्हणालो, हो, उणे सहा पॉइंट चार. थोडा चुकला.

फोन ठेवल्यावर लॅपटॉप काढला. २२ मार्चची फाइल आहे तिथेच आहे. सगळ्या जगाचे तज्ज्ञ चुकत असताना अमरावतीच्या साईनगरात, कूलरसमोर बसून, एका माणसाने एका देशाचा आकडा दशांशासकट अचूक सांगितला होता. आयुष्यातला माझा एकमेव बरोबर अंदाज. वली सरांना फोन लावला, आणि त्यांनी उचलायच्या आत ठेवला. काय सांगणार होतो? बरोबर आलं होतं म्हणून मी ते बदललं?

घर फार मोठं वाटतं. हे निरीक्षण आहे.

पौर्णिमाने विचारलं, दिवाळीले येईन का हो ती? मी म्हणालो, थांब, हिशोब करून सांगतो. तिकिटाचे दर, नव्या माणसाची रजा, तिकडचा हंगाम आणि ती फोनवर 'बघते बाबा' म्हणाली तो सूर, सगळं प्रामाणिकपणे घातलं. जिलेबी घातली नाही. पहिला रन: येणार नाही.

सूत्रात काहीतरी चूक आहे. उद्या पुन्हा बघतो.